काळ्या गच्चीखालची खोली

आमच्या गच्चीवर एके काळी अनवाणी चालता यायचं, असं कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसतात. एप्रिलच्या दुपारी पाय जरा उचलत-टेकत चालावं लागायचं, पण चालता यायचं. गच्ची पांढरी होती. फुटक्या लाद्यांचे आणि कपबश्यांचे तुकडे सिमेंटमध्ये एकाला एक चिकटवून बसवलेले. आमच्याकडे सगळे त्याला चायना चिप्स म्हणतात.

मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत आहे. आम्ही चौथ्यावर राहतो. गिरणीतलं काम सुटल्यावर आजोबांनी ही जागा घेतली. इतके जिने चढायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ती त्यांच्या वाट्याला आली. एक खोली आणि स्वयंपाकघर. वर स्लॅब, स्लॅबवर गच्ची. त्यामुळे गच्चीला जे काही होईल ते आधी आम्हाला कळतं.

ती गच्ची बाबांनी केलेली होती. बाबा लादीकाम करतात. मी जन्मले त्या वर्षी सोसायटीने त्यांना हे काम दिलं, कारण ते इमारतीतलेच होते. लादीच्या दुकानांतून फुटका माल गोणीत भरून आणायचा, हातोडीने सारखे तुकडे करायचे आणि उकिडवं बसून एकेक तुकडा लावायचा. मधोमध त्यांनी निळ्या तुकड्यांचं आठ पाकळ्यांचं फूल केलं होतं. ते कुणी सांगितलं नव्हतं. निळ्या कपांचे खोकाभर फुटके तुकडे मिळाले, म्हणून केलं.

काम झाल्यावर त्यांची एक पद्धत असते. लांबच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. पाणी कुठेही न थांबता पाइपाच्या तोंडापर्यंत गेलं तर ढाळ बरोबर. मध्ये कुठे डबकं झालं तर तेवढा भाग फोडून परत करायचा. दुसऱ्याने केलेल्या कामावरही ते असंच पाणी ओततात. लोकांना राग येतो. पण बाबांना ढाळ सांगण्यापेक्षा दाखवणं जमतं. बोलण्याच्या बाबतीत ते कच्चे आहेत, आणि मीही त्यांच्यावरच गेले आहे.

आई पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायची. हायवेच्या बाजूला नवे टॉवर झाले आहेत, तिथल्या नोकरी करणाऱ्या बायका संध्याकाळी येता येता पोळ्या घेऊन जायच्या. त्यासाठी आई दुपारी एक वाजता कणीक मळायला बसायची आणि पाचपर्यंत लाटत-भाजत राहायची. गावाहून आणलेला फणसाच्या लाकडाचा मोठा पोळपाट होता तिचा. इतका जड, की तो जमिनीवर ठेवला की खालच्या मजल्यावर कळायचं, चौथ्यावरच्या पोळ्या सुरू झाल्या. गॅसची चूल स्लॅबखाली होतीच, पण वर पांढरी गच्ची होती. आई घामाघूम व्हायची, पदराने तोंड पुसायची आणि लाटत राहायची. या घरात तिला दुपारी काम करता यायचं. मी जे सांगते आहे ते एवढ्यापुरतंच आहे.

दोन पावसाळे गच्ची गळली. आमच्या मोरीवर आणि जिन्याच्या भिंतीला ओल आली. बाबांनी वर जाऊन बादली ओतली आणि खाली येऊन सांगितलं, पाइपाच्या तोंडाशी ढाळ बसलाय, पाणी तिथे थांबतं आणि भेगेतून उतरतं. तेवढाच तुकडा करायला हवा. सेक्रेटरीकाकांनी मान हलवली आणि विषय सर्वसाधारण सभेत ठेवला.

आमच्याकडे सभा रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये होते. स्कूटर बाहेर काढतात, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात. कोरम कधीच होत नाही. मग सेक्रेटरीकाका घड्याळ बघून गंभीरपणे जाहीर करतात की गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब. तीच अकरा माणसं तिथेच बसून चहा पितात, आणि अर्ध्या तासाने त्याच अकरा माणसांची सभा सुरू होते. त्या वर्षी मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली.

सभेला एक कंत्राटदार आला होता. काळ्या डांबरी शीटचा एक तुकडा त्याने सगळ्यांना हातात धरायला दिला. दहा वर्षांची गॅरंटी म्हणाला. त्याने आणलेलं माहितीपत्रक चार पानी, चकचकीत आणि पूर्ण इंग्रजीत होतं. ते हातोहात फिरलं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी चष्मा लावला, काढला आणि पुढे दिलं.

"अरे, आपल्याकडे इंजिनियर आहे ना!" सेक्रेटरीकाका म्हणाले. "ये गं, पुढे ये. वाच आणि सगळ्यांना मराठीत सांग. लाजतेस काय, बापाचं नाव काढ."

मी पुढे गेले. बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा ते हसत होते. मला वाटतं, मी बारावी झाले त्या दिवशीही ते इतके हसले नव्हते.

मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. शीट किती जाड, गॅसच्या बत्तीने कसं चिकटवतात, पाणी कसं अडतं. जमत होतं. लोक ऐकत होते. तिसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात एक परिच्छेद आला. मी तो मनात वाचला आणि मला तो कळला नाही. त्यातले दोन शब्द मी कधी पाहिलेले नव्हते. पुन्हा वाचला. तरी नाही. अकरा माणसं माझ्याकडे बघत होती.

"मला हे कळत नाही" एवढंच म्हणायचं होतं. कंत्राटदार समोरच बसला होता, त्याला विचारता आलं असतं. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कळत नाही, हे बाबांच्या समोर, त्या हसण्याच्या समोर, मला म्हणता आलं नाही. मी पान उलटलं आणि गॅरंटीच्या अटी सांगायला लागले.

कंत्राटदाराचं लक्ष माझ्याकडे होतं. मी थांबले तेव्हा तो म्हणाला, "बेटी ने एकदम बराबर समझाया." मला फार बरं वाटलं होतं.

मग बाबा उभे राहिले. "सगळं उखडायची गरज नाय," ते म्हणाले. "पाइपापाशी ढाळ बसलाय, तेवढाच फोडायचा. चिप्स चांगल्या आहेत अजून. पांढऱ्या आहेत त्या, त्याचा..." पुढचं त्यांना जुळवता येईना. "पाण्याला विचारा ना वर येऊन," ते म्हणाले.

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "अहो, तुमच्या हातचं काम आहे म्हणून तुम्हाला वाटतं," सेक्रेटरीकाका म्हणाले. "आता सगळीकडे शीटच टाकतात. तुमच्या मुलीनेच तर सांगितलं सगळं."

मी बाबांच्या शर्टाची बाही ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबा, बसा ना."

ते बसले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

काम फेब्रुवारीत सुरू झालं. ब्रेकर लावून गच्ची उखडली. आमच्या घरात ताटांवर, देवांवर, गादीवर धूळ पडत होती, आणि आई पोळ्यांवर ओलं फडकं टाकून बसायची. चिप्स, खालचा कोबा, सगळं गोण्यांत भरून टेम्पोने गेलं. बाबांनी ड्रायव्हरला विचारलं, कुठे टाकणार? तो म्हणाला, विक्रोळीच्या पुढे, खाडीच्या बाजूला, रिकामी जागा आहे. रिकामी म्हणजे खारफुटी. बाबा बराच वेळ टेम्पोपाशी उभे होते. संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "कुणाच्या घराच्या भरावात गेलं असतं तरी चाललं असतं." मी बसने कॉलेजला त्याच रस्त्याने जाते. त्या बाजूला मी कधी उतरून बघितलं नाही.

मग गॅसच्या बत्त्या आल्या. शीट तापवून, वितळवून चिकटवतात. तो वास चार दिवस घरात होता. टॉवरमधल्या एका बाईंनी पोळ्या परत पाठवल्या. डांबर खाल्ल्यासारखं लागतं, म्हणाल्या. आई म्हणाली, "खरा आसा ता. माका पण लागता."

शेवटच्या दिवशी आम्ही वर गेलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं. चप्पल शीटला चिकटत होती. बाबांनी बादली आणली होती. ती त्यांनी ओतली आणि पाणी सरळ पाइपात गेलं. "ढाळ चांगला दिलाय," ते म्हणाले, आणि रिकामी बादली घेऊन खाली आले. त्यानंतर गच्चीला कुलूप लागलं. शीटवर कुणी चालायचं नाही, काही वाळत घालायचं नाही, नाहीतर गॅरंटी जाते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "बरं झालं गं, काळ्यावर कुरडया एका दिवसात वाळतील!" त्यांच्या कुरडया त्या वर्षी घरात पंख्याखाली वाळल्या.

मार्च संपता संपता आमचं घर बदललं. गच्चीवरची टाकी तापायची आणि दुपारी नळाला चहाइतकं गरम पाणी यायचं. भांडी घासायला सकाळीच बादल्या भरून ठेवायला लागलो. पंखा लावला की वरून गरम वाफ अंगावर यायची, म्हणून आम्ही तो बंद करून पुठ्ठ्याने वारा घ्यायचो. माळ्यावर हात घातला तर तव्यापाशी हात नेल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी बाहेर वारा सुटला तरी घर तापलेलंच, कारण स्लॅब दिवसभराचं ऊन तेव्हा खाली सोडायला लागतो. आईची कणीक दोन तासांत आंबायला लागली. ती थोडी थोडी मळायला लागली, म्हणजे तिचा चुलीजवळचा वेळ आणखी वाढला.

आमच्या शेजारच्याच घरातल्या नवरा-बायकोने एसी बसवला. त्यांचाही वरचाच मजला, त्यांनी तरी काय करायचं? पण त्या एसीचा बाहेरचा डबा डक्टमध्ये, म्हणजे दोन घरांमधल्या अरुंद मोकळ्या जागेत लागला, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. त्यांच्या खोलीतली गरमी आमच्या चुलीवर यायला लागली. आईने खिडकी लावून घेतली. बाबा बोलायला गेले, तेव्हा ते चांगले बोलले, सरबत दिलं. तुम्ही पण लावून घ्या ना, म्हणाले. आमच्या डक्टमध्ये आता चार डबे आहेत.

मला फार कळतं असं नाही. पण जिन्याच्या शेवटच्या खिडकीतून बघितलं की आमच्या लाइनीतली छपरं दिसतात, मिठागरांपर्यंत. मी लहान असताना ती बहुतेक पांढरी किंवा सिमेंटच्या रंगाची होती. आता काही काळी आहेत, काहींवर निळे पत्रे आहेत. प्रत्येकाने आपली गळती थांबवली आहे. आणि सगळ्यांनी मिळून जी गरमी केली आहे ती कुणाच्याच सभेच्या विषयांत येत नाही.

मे महिन्यात एका दुपारी आई चुलीपाशीच कोसळली. मी कॉलेजात होते, बाबा कामावर. तवा चालू होता. जळका वास आला म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांनी गॅस बंद केला आणि आईला ओढत जिन्यात आणलं, कारण जिना घरापेक्षा थंड होता. डॉक्टरांनी सांगितलं, दुपारचं या घरात थांबायचं नाही. बाबांनी विचारलं, मग कुठे थांबायचं? डॉक्टर पुढचा कागद लिहीत होते.

बाबा तिला कुडाळजवळ मामाकडे सोडून आले. पाऊस पडेपर्यंत, असं ठरलं होतं. पावसात ती आली, आणि होळीनंतर पुन्हा गेली. टॉवरमधल्या बायका तोवर दुसरीकडून पोळ्या घ्यायला लागल्या होत्या. पोळपाट बाबांनी धुऊन माळ्यावर ठेवला.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात पर्यावरणाचा प्रकल्प होता. सर म्हणाले, आपल्या आसपासचा विषय घ्या. मी आमची गच्ची घेतली. प्रयोगशाळेतलं तापमापक आणलं, सेक्रेटरीकाकांकडून चावी मागून काळ्या शीटवर धरलं, मग शेजारच्या इमारतीच्या जुन्या पांढऱ्या गच्चीवर धरलं. वाचनालयात बसून पुस्तकं वाचली. त्यात मला ते दोन शब्द भेटले. मी पुढे वाचत गेले, आणि वाचता वाचता मला ते पान आठवायला लागलं.

माहितीपत्रक माझ्याकडेच होतं. मी ते माझ्या गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये ठेवलं होतं, त्या दिवसाची आठवण म्हणून. तिसरं पान काढलं. आता परिच्छेद सहज कळला. हे शीट काळं असल्याने ऊन शोषून घेतं. खाली राहत्या खोल्या असतील तर शीट टाकतानाच त्यावर पांढरा थर द्यावा किंवा फरशी घालावी, म्हणजे खोल्या तापणार नाहीत. एवढंच होतं. बाबांना सभेत जे जुळवता आलं नव्हतं, ते तिथे छापलेलं होतं.

प्रकल्प सरांना आवडला. वर्गात त्यांनी तो सगळ्यांना दाखवला, "स्वतःच्या घरातून विषय शोधला आहे" म्हणाले. मी त्यात सगळं लिहिलं होतं. खारफुटीत गेलेल्या गोण्या, डक्टमधले डबे, आईला चक्कर येणं. माहितीपत्रक कुणी वाचून दाखवलं, ते लिहिलं नव्हतं.

यंदाच्या सभेत मी हात वर केला. कोरम नव्हता, चहा झाला होता, तीच माणसं होती. बाबा माझ्या बाजूला बसले होते. मी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवून रोज राहत होतं. मी माहितीपत्रक उघडून तिसऱ्या पानावरचा परिच्छेद मराठीत वाचला. 

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?" सेक्रेटरीकाकांनी विचारलं.

"मला कळलं नव्हतं."

"कळलं नव्हतं, तर बोलायचंस ना! आम्ही तुझ्या भरवशावर सही केली." ते रागावले नव्हते. खरंच गोंधळले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "वाट लावली पोरीने," आणि दोघंतिघं हसली.

मी विचारलं, आता वर पांढरा थर देता येईल का? काका म्हणाले, त्यांनी कंत्राटदाराला फोन करून विचारलेलं आहे, एका एसीवाल्यांच्या तक्रारीवरून. शीटवर दुसरं काही लावलं की गॅरंटी संपली. आणखी आठ वर्षं हात लावायचा नाही. बाबा म्हणाले, "आमच्या खोलीवरचं तेवढं मी करतो. माझ्या हाताने. कुणाला त्रास नाय."

"अहो, गॅरंटी अख्ख्या गच्चीची आहे. तुमच्या खोलीची वेगळी थोडीच आहे?"

"आमच्याकडे तर काही गळत नाही बाबा आता," दुसऱ्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या. खरं होतं ते. आमच्याकडेही गळत नव्हतं.

इतिवृत्तात एक ओळ आली: गच्चीबाबत चर्चा झाली. त्यानंतरचा विषय पार्किंगचा होता, तो दीड तास चालला.

जिना चढताना बाबा माझ्या पुढे होते. तिसऱ्या मजल्यावर ते थांबले. दम लागला म्हणून थांबले असं मला वाटलं. वळून न बघता म्हणाले, "तू मला बस म्हणालीस."

"हो, बाबा."

"मला वाटलं, तुला कळतंय." आणि ते पुढे चढायला लागले.

त्याच संध्याकाळी मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं, परिच्छेदाचं, पान उलटल्याचं, बाबांच्या बाहीचं. ती ऐकत होती. मागे मामाच्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बाबांका सांगलंस?" तिने विचारलं.

"त्यांच्यासमोरच सांगितलं."

"बरा केलंस." मग म्हणाली, "ह्या वर्षी पाऊस लागलो की येतंय मी. चार घरां परत धरुक होयी. पोळपाट माळ्यावरून काढून ठेव. बघ जरा, नीट आसा मां तो?"

मी फोन स्टुलावर ठेवला, वर चढले आणि पोळपाट ओढला. सात वाजून गेले होते, तरी लाकूड कोमट होतं. खाली आणून उजेडात धरला. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चीर गेली होती. तिच्यातून माझी बोटं दिसत होती.

"बघितलंस?" आई विचारत होती. "गे?"

नीट आहे, असं म्हणणं अगदी सोपं होतं. ती पावसात आलीच असती.

"तडकलाय, आई. मधोमध."

 ती म्हणाली, "बरा. मगे माका यायची घाई नाय."